अकरा नंबरचा धक्का

इंग्लंडातल्या आमच्या गावातलं तळं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं होतं. मी गाव म्हणते, पण कागदोपत्री ते शहर होतं आणि तिथल्या लोकांना त्याचा फार अभिमान होता. मला मात्र इतक्या वर्षांत त्यात शहरासारखं काही सापडलं नाही. एक हाय स्ट्रीट, दोन बँका, एक लायब्ररी आणि संध्याकाळी सहाला संपणारी बस. तळं तेवढं मोठं होतं. त्याच्या पूर्वेकडच्या काठावर कौन्सिलने कधीकाळी तेरा प्लॉट पाडले होते. प्रत्येकावर एक लाकडी शेड, पाण्यात शिरलेला एक लाकडी धक्का आणि धक्क्याच्या खांबावर पांढऱ्या रंगात काढलेला नंबर. दरवर्षी परवाना नवा करून घ्यायचा आणि आपल्या होड्या तिथे बांधायच्या, अशी पद्धत होती. अकरा नंबर बोटवाल्या बाईंचा होता.

आम्ही त्या गावात का गेलो याला मोठं कारण नाही. चौऱ्याऐंशी साली ह्यांना तिथल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि लग्नाला चार महिने झालेली मी मागोमाग गेले. पाच वर्षांनी तो कारखाना बंद झाला. ह्यांना बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरमधलं काम मिळालं, पण तोवर आम्ही घर घेऊन बसलो होतो, आणि ते विकायला काढलं तर बघायलासुद्धा कोणी येईना. मग असं ठरलं की हे सोमवार ते शुक्रवार तिकडे खोली घेऊन राहतील आणि शनिवार-रविवार घरी येतील. ठरलं म्हणजे ह्यांनी ठरवलं. ठरवून झाल्यावर मला विचारलं, "चालेल ना गं तुला?"

मी म्हटलं, "हरकत नाही."

हे वाक्य माझ्या तोंडात कायमचं बसलेलं आहे. त्याचा अर्थ खरोखर हरकत नसते असा नव्हे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पाहुण्याने नव्या चादरीवर चहा सांडला, हरकत नाही. मुलाकडच्यांनी ऐन वेळी तारीख बदलली, हरकत नाही. नवऱ्याने आठवड्यातले पाच दिवस दुसऱ्या गावी राहायचं ठरवलं, हरकत नाही. मी मुळात तापट बाई आहे. माझं डोकं पटकन तडकतं. पण ते तडकल्याचं बाहेर कोणाला कळू द्यायचं नाही असं आमच्या घरात शिकवलं होतं, आणि मी ते नको तितकं चांगलं शिकले. आतून भांडी आपटत असायची आणि वरून मी हसत हरकत नाही म्हणत असायची.

त्यात आणखी एक गंमत झाली होती. लग्नाआधी दोन वर्षं मी पुण्यात एका कचेरीत टायपिस्ट होते. तिथे दिवसभर ना हरकत दाखले टाइप करायचे, एक प्रत मराठीतून, एक इंग्रजीतून. त्यामुळे हरकत नाहीला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. इंग्लंडात आल्यावर बसमध्ये कोणी पायावर पाय देऊन सॉरी म्हणालं की मी छान हसून सांगायची, "नो ऑब्जेक्शन." लोक जरा चमकायचे, मग तेही हसायचे. कोणी कधी सुधारलं नाही. इंग्रज माणूस दुसऱ्याचं इंग्रजी सुधारत नाही, तो फक्त हवेबद्दल बोलायला लागतो.

तळ्यावर मी दुसऱ्या वर्षापासून जायला लागले. घरातलं काम साडेदहाला संपायचं आणि दिवस तर संपायचं नाव घ्यायचा नाही. शेजारी भले होते, पण त्यांच्याशी माझं बोलणं कुंपणाच्या उंचीपर्यंतच. मूलबाळ झालं नाही. का झालं नाही याच्या तपासण्या झाल्या आणि मग त्याही थांबल्या. त्या दिवसांत मी आईला पत्रात लिहिलं होतं, "दुपारी फार एकटं वाटायचं, पण आता लेक आहे, त्यामुळे वेळ बरा जातो." आईचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. लेक म्हणजे तिकडचं तळं हे तिला कळायला दोन दिवस लागले होते, आणि तेही माझ्या भावाने समजावून सांगितल्यावर. मधल्या दोन दिवसांत तिने देवापुढे साखर ठेवली होती. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "तळं तर तळं, पाण्याजवळ जपून राहा." त्यानंतर मी पत्रातून तळं असंच लिहीत गेले.

बोटवाल्या बाईंची ओळख अशी झाली की त्यांनी मला काम सांगितलं. मी धक्क्याशेजारच्या बाकावर बसले होते. त्या एकट्याच एक होडी काठावर ओढत होत्या. साठीच्या पुढची बाई, पायांत गमबूट, डोक्याला पुरुषी टोपी. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बसलीच आहेस तर ही दोरी धर." त्या अर्थातच इंग्रजीत म्हणाल्या, त्यांचं बोलणं मला मात्र मराठीतच आठवतं, आणि एकेरीतच. त्या गावात तोवर मला सगळ्यांनी 'कशी आहेस' विचारलं होतं, 'दोरी धर' कोणी म्हटलं नव्हतं. मी पर्स बाकावर टाकली आणि दोरी धरली. हाताला डांबर लागलं, ते दोन दिवस निघालं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी ते फारसं घासलंही नाही.

तेव्हापासून मी रोज जायला लागले. बाईंकडे भाड्याने द्यायच्या बारा होड्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा धंदा, वडिलांनंतर त्यांनी एकटीने सांभाळलेला. लग्न केलं नव्हतं. राहायला कौन्सिलचा एक फ्लॅट होता, त्याच्या एकाही खिडकीतून पाणी दिसत नाही म्हणून त्या तिथे फक्त झोपायला जायच्या. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे मी कायम उजव्या बाजूला बसायची. त्या फ्लास्कमधला चहा ओतायच्या, मी डब्यात शंकरपाळे न्यायची. आम्ही फार बोलायचो असंही नाही. पण त्यांनी मला कधी विचारलं नाही की तुला मुलं का नाहीत, किंवा तू परत कधी जाणार. मी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी मात्र विचारायच्या, "काल कुठे होतीस?" हे विचारणारं माणूस त्या देशात मला दुसरं नव्हतं. ह्यांनाही मी काल कुठे होते हे माहीत नसायचं.

माझ्या त्या वाक्याची त्यांना फार मजा वाटायची. पाऊस आला, आत बसू या का? नो ऑब्जेक्शन. चहात आज साखर नाही. नो ऑब्जेक्शन. "तू कोर्टात जन्मलीस का?" त्या विचारायच्या. मी हसायची. त्यांनीही सुधारलं नाही.

मग एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तेराही खांबांवर कौन्सिलची नोटीस लागली. काठाच्या जागांचं पुढे काय करायचं, हे ठरवायचं होतं. एका बिल्डरला तिथे फ्लॅट बांधायचे होते, बाल्कनीतून पाणी दिसेल असे, आणि खाली नव्या पद्धतीचे धक्के, श्रीमंतांच्या यॉटसाठी. कौन्सिलची एक कमिटी सप्टेंबरात बसून प्लॉटवार म्हणणं ऐकणार होती. नियम सोपा होता. ज्या प्लॉटबद्दल परवानावाल्याची किंवा त्याच्या प्रतिनिधीची हरकत असेल तो बाजूला काढून त्याचा वेगळा विचार करायचा. ज्याबद्दल हरकत नसेल तो बिल्डरच्या यादीत. प्रत्येकाला तीन मिनिटं.

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "टाऊन हॉलमध्ये मला काही ऐकू येत नाही. सगळा नुसता गोंगाट होतो. आणि गेल्या मीटिंगला मी चिडून उठून आले होते, ते कौन्सिलवाले विसरले नसतील. तू शिकलेली आहेस. तू जाशील का माझ्यातर्फे?"

चारपेक्षा जास्त माणसांसमोर मी आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत नाव घातलं होतं तेव्हा मला त्याच दिवशी ताप भरला होता. मला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं.

"नो ऑब्जेक्शन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांनी असं करण्याची ती पहिलीच वेळ.

मी भाषण लिहिलं. आठ दिवस लिहीत होते. गावातली निम्मी मुलं वल्हं मारायला अकरा नंबरवर शिकली होती. तीन बुडणाऱ्या माणसांना बाईंनी पाण्यातून ओढून काढलं होतं, त्यातला एक पुढे पोलीस झाला. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरायचा तेव्हा कुठे पाय ठेवायचा नाही हे सांगणारं माणूस गावात एकच होतं. हे सगळं मी लिहिलं, आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, की माझ्यासारख्या एकट्या बाईला या शहरात जाऊन बसायला दुसरी जागा नाही. ते तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा परत लिहिलं. स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून मी ते वाचायची. तीन मिनिटांत बरोबर बसायचं.

ह्यांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "अगं, तू? कौन्सिलच्या मीटिंगमध्ये? बरं, जा, पण डोन्ट गेट टू इन्व्हॉल्व्ड. घर सेल झालं की आपण तिथून निघणारच आहोत. इट्स नॉट अवर फाइट."

"तुमची नाही," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "बरं."

मीटिंग संध्याकाळी सहाला होती. मी नारायणपेठी नेसले आणि वरून कोट घातला. टाऊन हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. समोर लांब टेबलामागे पाच मेंबर, मधोमध चेअरमन, शेजारी मिनिट्स लिहिणारी क्लार्क. चेअरमन मोठ्या अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवायची सवय असलेले गृहस्थ होते. वाईट माणूस मुळीच नव्हता. पहिला तासभर कार पार्कवरच गेला. मग प्लॉट सुरू झाले. चार नंबर मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा. त्यांचा माणूस टेबलावर हात आपटून बोलला. नऊ नंबरवर शाळेतल्या मुलांची शिबिरं व्हायची. तिथल्या बाई बोलता बोलता रडल्या. दोघांचीही हरकत म्हणून क्लार्कने लिहून घेतलं. लोक कंटाळले होते, खुर्च्या करकरत होत्या. मांडीवरचा माझा कागद घामाने मऊ झाला होता.

"अकरा नंबर," चेअरमन म्हणाले, आणि त्यांनी माझं नाव वाचायचा प्रयत्न केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा अर्ध्यावर सोडून दिला. मी उभी राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, माफ करा. तुम्हाला दोन तास बसवून ठेवलं, आणि वर तुमच्या नावाचीही वाट लावली."

कोणी माफी मागितल्यावर काय करायचं हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं होतं की डोक्यापर्यंत जायची गरजच पडली नाही. मी हसले, हात हलवला आणि म्हणाले, "नो ऑब्जेक्शन, नो ऑब्जेक्शन."

सगळा हॉल एकदम सैलावला. चेअरमनच्या चेहऱ्यावर मोठं हसू आलं. "हरकत नाही?" ते म्हणाले. "वा! सगळेच असे समजूतदार असते तर आपण केव्हाच घरी गेलो असतो." लोक हसले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. क्लार्कने मान खाली घालून लिहिलं. माझ्या शेजारच्या बाईने माझ्या हातावर हात ठेवला आणि तुझा ड्रेस किती सुंदर आहे म्हणाली. "बारा नंबर," चेअरमन म्हणाले, आणि मी खाली बसले.

काय झालं हे कळायला मला किती वेळ लागला? बारा नंबरचा माणूस उठून उभा राहीपर्यंत. तेवढाच. त्याने खाकरून घसा साफ केला तेव्हा मला सगळं स्वच्छ कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे अनेकांनी माझी समजूत घालताना भाषेची चूक, भाषेची चूक म्हटलं. भाषेची चूक दोन शब्दांची होती. त्यानंतरचं सगळं माझं होतं. मी परत उभी राहू शकत होते. एक्स्क्यूज मी म्हणता येत होतं मला. पण त्या गावात इतकी वर्षं राहून चाळीस माणसं एकाच वेळी माझ्याकडे बघून कधी हसली नव्हती. त्यांना मी आवडले होते. आता उठून मी हात आपटणाऱ्यांतली आणि रडणाऱ्यांतली एक झाले असते, आणि ते हसू गेलं असतं. मला ते मोडवेना. खरं कारण एवढंच आहे आणि ते लिहिताना मला आजही लाज वाटते.

मीटिंग संपल्यावर चहा होता. चेअरमन स्वतः माझ्याजवळ आले, हस्तांदोलन केलं, कसा वाटला आमचा कारभार म्हणून विचारलं. कागद माझ्या दुसऱ्या हातात होता. मी म्हटलं, चहा फार छान आहे. बाहेर पडल्यावर बसस्टॉपजवळच्या कचऱ्याच्या डब्यात मी तो कागद टाकला आणि चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी विचारलं, "काय झालं?"

"झालं," मी म्हटलं. "आपल्या नंबरला बोलावलं होतं."

"ऐकून घेतलं?"

"हो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चहा ओतला. मला वाटतं, माझ्यावर भरवसा टाकून त्या मोकळ्या झाल्या होत्या. मीटिंगमधली नोंद चुकली तर दुरुस्तीसाठी चौदा दिवस असतात, हे कौन्सिलच्या नोटीसवरच लिहिलेलं होतं. परवानावाल्याने एक सही करून चिठ्ठी द्यायची, बस्स. म्हणजे मी बाईंना सांगितलं असतं तर शेडच्या पायरीवर बसून पाच मिनिटांत काम झालं असतं. मी रोज ठरवून जायची की आज सांगायचं. रोज त्या काहीतरी बोलायच्या, होडीला रंग काढायचा आहे, बदकांनी पुन्हा शेडखाली घाण केली आहे, आणि मी म्हणायची, उद्या.

मधल्या रविवारी गणपतीसाठी आम्ही लंडनजवळ पिनरला ह्यांच्या मित्राकडे गेलो. आरतीनंतर जेवायला वीस-पंचवीस मराठी माणसं होती, आणि मला कोणास ठाऊक काय झालं, मी तो प्रसंग गंमत म्हणून सांगितला. चेअरमनची नक्कल केली. माझी स्वतःची तर फारच चांगली केली. बायका पोट धरधरून हसल्या. "अगं बाई, मीसुद्धा डॉक्टरांच्या सर्जरीत रिसेप्शनिस्टला हेच म्हणते!" एक जण म्हणाली. हे पण हसत होते, आणि जरा अभिमानाने इकडेतिकडे बघत होते. माझी बायको अशी गमतीदार आहे हे त्यांनाही नवीन असावं.

घरातली मुलगी तिथेच ताटं उचलत होती. इथेच जन्मलेली, विशीतली, कॉलेजात शिकणारी. ती हसली नाही. "पण मावशी," ती म्हणाली, "मग तू त्या लेडीला सांगितला का? की असा रॉन्ग झाला म्हणून?"

"अगं, तिला काय सांगायचं त्यात," तिची आई म्हणाली. "कौन्सिलचं आधीच सगळं ठरलेलं असतं. तू भात आण."

"सांगणार आहे," मी म्हटलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि मग भात आणायला गेली. परतीच्या ट्रेनमध्ये मी दिवस मोजले. सहा उरले होते.

ते सहाही दिवस मी धक्क्यावर गेले.

कौन्सिलचं पत्र बाईंना ऑक्टोबरात आलं. त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्या शेडच्या पायरीवर बसल्या होत्या. होड्या हिवाळ्यासाठी वर काढायच्या होत्या, त्यातल्या दोन अर्ध्या काढून तशाच सोडल्या होत्या. मांडीवर लिफाफा होता. मी सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

"यात लिहिलंय की माझ्या प्रतिनिधीची हरकत नव्हती," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"ते तुझं वाक्य म्हणालीस का तू?"

"हो."

"काय विचारलं होतं त्यांनी?"

"काही विचारलं नव्हतं. सॉरी म्हणाले होते."

त्या हसल्या. खरंच हसल्या, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले, आणि क्षणभर मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि बोटाने ती दाबत राहिल्या.

"चार आणि नऊ नंबर राहतायत," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांसाठी. माझ्या शेडवर मार्चमध्ये बुलडोझर."

"हो."

"इथे लिहिलंय, दुरुस्तीला चौदा दिवस होते."

"हो."

"तू रोज येत होतीस."

मग मी सगळं सांगितलं. लोक हसले ते, शेजारच्या बाईने साडीला चांगलं म्हटलं ते, चहा, कचऱ्याचा डबा, सगळं. मला ते हसू मोडवलं नाही हेसुद्धा सांगितलं. सांगता सांगता मी रडायला लागले, आणि रडताना मला स्वतःचा रागही येत होता, कारण जागा त्यांची गेली होती आणि रडत मी होते. त्यांनी शेवटपर्यंत चांगला कान माझ्याकडे करून ऐकलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मासे धरणाऱ्या क्लबातल्या लोकांशी त्या कडाकडा भांडायच्या, ते मी कितीदा पाहिलं होतं. मी भांडण्याइतकीसुद्धा त्यांची उरले नव्हते की काय, असं वाटून मला भीती वाटली.

"तू जाशील का म्हणून मी विचारलं," त्या शेवटी म्हणाल्या, "तेव्हाही तू तेच म्हणाली होतीस."

"हो."

"तुला जायचं नव्हतं."

खोटं बोलून आता काय मिळणार होतं? "नव्हतं," मी म्हटलं.

त्या पाण्याकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि इथे येणं? पाच-सहा वर्षं रोज येऊन बसतेस. त्यातलं तुला खरंच हवं होतं ते किती, आणि नाही म्हणवेना म्हणून आलीस ते किती?"

"सगळं हवं होतं," मी म्हटलं. "एकूण एक दिवस."

हे मी आयुष्यात बोललेलं सगळ्यात खरं वाक्य असेल. त्यांनी मान वळवली आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता, ते मला दिसत होतं.

"पण तू तसंही हेच म्हणाली असतीस ना," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, अर्धवट काढलेल्या होडीतली वल्ही उचलली आणि शेडमध्ये गेल्या. मी पायरीवरच थांबले. मी आत यावं असं त्यांना वाटत होतं की मी निघून जावं, हे मला कळेना, आणि विचारायचं धाडस झालं नाही.